मानाजीकाकांची मेमसाब

मागच्या महिन्यात माझी नात केतकी हिनं व्यायामासाठी नवी सायकल घेतली. तिच्या चाकाच्या मधोमध लोखंडाची पातळ तबकडी आहे. ब्रेक दाबला की चिमट्यासारखे दोन तुकडे पुढे येतात आणि ती तबकडी पकडतात. डिस्क ब्रेक म्हणतात त्याला. सुरुवातीला सायकल गुमान चालली, मग ब्रेक ओरडायला लागला. दगडी पाटीवर पेन्सिल उलटी ओढावी तसा, दात आंबवणारा आवाज. केतकी फाटकाशी आली की समोरच्या घरातसुद्धा कळे.

रविवारी सकाळी ती अंगणात सायकल उलटी करून बसली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माझ्या शिवणयंत्राची तेलाची कुपी. कुपीचं टोक तबकडीजवळ गेलेलं मी पाहिलं आणि ओट्यावरून ओरडले, "तेल नको!"

"आजी, केवढ्यानं! तुला डिस्क ब्रेकमधलं काय कळतं?"

"डिस्कमधलं काही कळत नाही. तेलातलं कळतं."

मग तिला मानाजीकाकांबद्दल सांगावं लागलं. सांगता सांगता जाणवलं, की ज्यांच्यामुळे मी बी. ए. झाले त्यांच्याविषयी मी आजवर एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नवा मध्य प्रदेश होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. राजधानी भोपाळला गेल्याचा राग इंदुरात ताजा होता. माझे वडील, अण्णा, इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात शिंपीकाम करत. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकही नव्हतं. मी पास झाले तेव्हा शाळेचे हेडमास्तर स्वतः दुकानात येऊन म्हणाले, "हिला पुढे शिकवा." अण्णांनी मान वर केली नाही. हातातली बाही पुरी केली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "इंदुरात आमचं कोण आहे?"

होतं एक माणूस. अण्णा उमेदीच्या काळात इंदुरात होते. संस्थानच्या रिसाल्याचे, म्हणजे घोडदळाचे, कपडे जिथे शिवले जात तिथे कामाला. तिथे त्यांनी मानाजीराव कदम नावाच्या जमादाराची घोड्यावर बसायची विजार शिवली होती आणि ती जमादारांना इतकी चपखल बसली, की पुढे दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यांना चालेना. एवढीच ओळख. तेवढ्यावर अण्णा मला घेऊन छत्रीबागेत त्यांच्या दारात उभे राहिले.

मानाजीकाकांनी प्रश्न विचारले नाहीत. मला आपादमस्तक पाहिलं आणि काकूंना हाक मारली, "अगं, मास्तरांची मुलगी आली आहे. आतली खोली झाडून घे." शिंप्याला तिकडे मास्तर म्हणत. अण्णा त्यांना जमादारसाहेब म्हणत. उंबऱ्यावरच अण्णांनी माझ्यासमोर त्यांना बजावलं, "जमादारसाहेब, गौतमपुऱ्याचे निम्मे दुकानदार माल घ्यायला राजवाड्यावरच्या बाजारात येतात. हिचं नाव रस्त्यावर कुणाच्या तोंडी आलं, की त्याच दिवशी मी हिला परत नेणार."

"नेणार," काकांनी परत म्हटलं, जणू अण्णांनी हुकूम दिला होता.

काका उंच, सडपातळ होते. सगळी उमर खोगिरावर गेल्यामुळे पाय धनुष्यासारखे बाकलेले. खुर्चीवर ते उलटे बसत, तिची पाठ छातीशी घेऊन, दोन्ही बाजूंना पाय टाकून. काकू म्हणत, "अहो, ती खुर्ची आहे, चौखूर धावणार नाही." चहा मात्र ते उभ्यानं घेत. रिसाला मोडला, तेव्हापासून ते एका कापड गिरणीच्या फाटकावर चौकीदारांचे जमादार होते. "अगोदर घोडे आत-बाहेर सोडत होतो, आता माणसं सोडतो," असं म्हणत. दुःखानं नव्हे, नुसती माहिती म्हणून.

घोडा गेला तरी त्यांची घोड्याची भाषा गेली नव्हती. कुणी आजारी असेल तर ते आधी विचारत, "दाणा खातो का?" माणूस मूर्ख असेल तर म्हणत, "ह्याला लगाम कळतो, टाच कळत नाही." संध्याकाळी गिरणीतून आले की दाराबाहेर काढलेल्या चपला एकेक उचलून उलट्या करून पाहायचे. तबेल्यात रोज सांजेला प्रत्येक घोड्याचा खूर उचलून पाहण्याची सवय. घोडे नव्हते, तर चपला. पाहुण्यांच्यासुद्धा. एकदा एका शेजाऱ्याची चप्पल पाहून त्यांनी त्याला हळूच विचारलं, "गुडघा दुखून राहिला आहे ना, डावा?" शेजारी घाबरून गेला.

आणि मेमसाब. ती एक लेडीज सायकल होती. संस्थानच्या इस्पितळातल्या कुणा गोऱ्या नर्सबाईची. ती विलायतेला परतली तेव्हा काकांनी ती घेतली होती. पुढच्या दांड्याशिवायची ती सायकल काका खाकी कोटात, मिशांना पीळ देऊन, पाठ ताठ ठेवून चालवत. कुणी हसलं तर त्यांना कळत नसे, किंवा कळूनही त्याचं काही वाटत नसे. तिच्याशी ते हिंदीत बोलत, कारण मराठी तिला येणार नाही अशी त्यांची समजूत. "चलो मेमसाब." "आराम से, मेमसाब." ती बिघडली असं ते कधी म्हणायचे नाहीत. "आज नाराज आहे," म्हणायचे.

कॉलेज घरापासून लांब होतं. पहिल्याच आठवड्यात काकांनी जाहीर केलं, "वच्छाबाई, मेमसाब आता तुझी. मी गिरणीत पायी जाईन. पोट आत जाईल."

"आहे कुठे पोट?" काकू म्हणाल्या.

मला सायकल येत नव्हती. राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्यांजवळच्या मोकळ्या जागेत सकाळी लवकर त्यांनी मला शिकवलं. शिकवण्याची त्यांना एकच रीत माहीत होती. हँडलला लांब दोर बांधला, दुसरं टोक हातात धरून स्वतः मधोमध उभे राहिले आणि मला भोवती गोल फिरायला लावलं. नव्या शिंगराला असंच फिरवतात म्हणे. शिंगरू गोल फिरतं, कारण त्याला चार पाय असतात. सायकल दोर ओढला की आत पडते आणि सोडला की बाहेर पडते. मी दोन्ही बाजूंना पडले. नदीकाठी कपडे धुणाऱ्या बायका धोपटणं थांबवून बघायला लागल्या. काकू शोधत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, लोकांच्या पोरीला सर्कशीत घालताय का?" मग त्यांनीच दोर सोडला, कॅरिअर धरलं आणि मला सरळ पळवलं. मी त्या दिवशी शिकले. काका आयुष्यभर सांगत राहिले, की पाया दोरानंच पक्का झाला.

पहिलं वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मेमसाबचा ब्रेक ओरडायला लागला.

तेव्हाचे ब्रेक सळईचे असत. हँडलखालची मूठ दाबली की सळई ओढली जाई आणि दोन रबरी ठोकळे चाकाच्या कडीवर दाबले जात. पावसाळ्यात कडीला गंज धरला होता, रबर कडक झालं होतं, कारण काहीही असो, मूठ दाबली की मेमसाब किंचाळे. छत्रीबागेत ते चालून गेलं असतं. पण माझी वाट राजवाड्यावरून होती. तिथे टांगे, हातगाड्या, हमाल, गाई, सगळे एकाच वेळी रस्त्यावर. हर पावलाला ब्रेक लावावा लागे आणि दर वेळी सगळा चौक माझ्याकडे बघे. कापडबाजाराच्या तोंडाशी काही रिकामी पोरं उभी असत. त्यांना नवा खेळ मिळाला.

"हटो रे भिया, इंजन आ रिया है!"

"सिग्नल दो, सिग्नल!"

एकानं तर हिरवा रुमाल हलवला. लोक हसले. मला आत्ता त्यात काही वाटत नाही, पण तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते, लहान गावातून आलेली, आणि माझ्या डोक्यात अण्णांचं उंबऱ्यावरचं वाक्य सतत वाजत होतं. थोड्याच दिवसांत गौतमपुऱ्याचे एक कापडवाले माल घ्यायला आले होते त्यांनी मला पाहिलं. परत जाऊन ते अण्णांना काय म्हणाले, ते मला गावाहून आलेल्या एका बाईंनी सांगितलं. म्हणाले होते, "मास्तर, तुमची पोर राजवाड्यावर भारी गाजून राहिली आहे." दसऱ्याला स्वतः इंदूरला येऊन बघतो, एवढंच अण्णा घरात म्हणाले होते.

मी त्यावर एक उपाय शोधला. ब्रेक लावायचाच नाही. लांबूनच पायडल मारणं थांबवायचं आणि जवळ आल्यावर पाय जमिनीवर घासून थांबायचं. आवाज नाही, कुणी बघत नाही. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी काका चपला बघत होते. माझी उजवी चप्पल त्यांनी उचलली, उलटी केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा उलटी केली. तिचं टोक झिजून पातळ कागद झालं होतं. टाच मात्र नवी होती.

"वत्सला." रागावले की ते पूर्ण नाव घेत. "चालण्यानं टाच झिजते. टोक कशानं झिजलं?"

मी चप्पल घ्यायला हात पुढे केला, त्यांनी ती मागे घेतली.

"मेमसाबला पायानं थांबवून राहिलीस?"

मला रडू आलं. पोरं, रुमाल, कापडवाले, अण्णा दसऱ्याला येणार आहेत, सगळं मी सांगून टाकलं. काकू पोळ्या लाटता लाटता थांबल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. ते रागावले ते माझ्यावर नव्हे, आमच्या गावावर.

"कमाल आहे तुमच्या गौतमपुऱ्याची! दिवाळी झाली की एकमेकांवर दारू ठासून पेटवलेली हिंगोटाची फळं फेकता, अंगाला भाजून घेता, हसता! अन् सायकलच्या आवाजाला भिता?"

"हिंगोट पुरुष फेकतात, काका."

त्यांनी चप्पल खाली ठेवली. "ठीक. दसऱ्याच्या आत तिला गप्प करतो. पण तोवर ब्रेक लावायचा. माझी शपथ आहे."

मग घरात एकच विषय. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून नवे रबर बसवून आणले. मेमसाब दुप्पट ओरडली. नव्या गळ्यानं, असं काकू म्हणाल्या. काचकागदानं कडी घासली, रबर घासलं. एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काका खुर्चीवर उलटे बसून विचार करू लागले आणि त्यांना घोडा आठवला. तोंडाच्या हळव्या घोड्याला लोखंडी लगाम टोचतो, तो ओरडतो. तेव्हा लगामाच्या कडीवर मऊ कातडं गुंडाळतात. त्यांनी जुन्या खोगिराच्या कातड्याच्या पट्ट्या कापल्या आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर शिवल्या. आणि काय सांगू, आवाज गेला! मी राजवाड्यावरून राणीसारखी गेले. पोरं रुमाल हातात धरून उभी राहिली.

पण कातडं घासून तापलं की जळक्या चामड्याचा वास सुटे. त्या वासानं जवाहर मार्गापासून एक कुत्रं माझ्या मागे लागलं, मग दुसरं. घरी पोचले तेव्हा मागे चांगली वरात होती. मेमसाब भिंतीला टेकवून मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येते तो एक कुत्रं मागच्या ब्रेकची पट्टी तोंडात धरून पळताना दिसलं. काका काठी घेऊन नदीपर्यंत त्याच्या मागे धावले. हात हलवत परत आले आणि म्हणाले, "चांगल्या खोगिराचं होतं. जनावराला पारख आहे."

दसरा जवळ येत होता. तिघांनाही एकच चिंता. मी रात्री पुस्तक उघडून बसे आणि मला वाटे, वर्ष पुरं होण्याआधी ही पुस्तकं परत बांधावी लागणार. काकू मला जास्तीचं तूप वाढू लागल्या, जसं परगावी निघालेल्या मुलीला वाढतात. त्यानं तर मला आणखीच भीती वाटे.

आणि खंडेनवमी आली.

ती तिथी त्या घरात दिवाळीपेक्षा मोठी. काकांच्या आजोबांची तलवार, भाल्याचं पातं, काकांच्या टाचेच्या लोखंडी आऱ्या, खोगिराच्या पाय अडकवायच्या रिकिबी, सगळं सकाळी अंगणात मांडलं जाई. काका आंघोळ करून, सोवळं नेसून एकेक वस्तू घासत आणि तिळाच्या तेलाच्या फडक्यानं पुसत. कदमांच्या घरचा नियम असा, की त्या दिवशी घरातलं कुठलंही लोखंड कोरडं राहता कामा नये. विळी, अडकित्ता, खलबत्त्याचा बत्ता, दाराच्या कड्या, काकूंची कात्री, सगळ्यांना तेल, मग हळद-कुंकू, मग झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यार वापरायचंही नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरलेली.

मेमसाबला काकांनी शेवटी घेतलं. धुतली, पुसली आणि तलवारीचं तेच फडकं घेऊन साखळी, सळया, चाकाच्या तारा आणि चाकाच्या कड्या, आत-बाहेर, चमकवून काढल्या. ब्रेकच्या ठोकळ्यांना लोखंडी खोबणी होती. तिलाही तेल. मी ओट्यावर बसून फुलं ओवत होते. आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. देवाला वाहिलेलं तेल कुणाला बाधेल?

पूजा झाल्यावर काकांनी मागचं चाक हातानं फिरवलं आणि मूठ दाबली. चाक थांबलं. एक शब्द नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबलं. मेमसाब गप्प.

"अगं, बाहेर ये! ऐक!"

"काय ऐकू? काही ऐकू येत नाही."

"तेच ऐक!"

काकूंनी मेमसाबच्या घंटीवर साखर ठेवली. काका तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "शाबास मेमसाब. इज्जत राखी आपने." त्या दिवशी वाहन वापरायचं नसल्यानं ती तशीच, फुलांची माळ घालून, भिंतीला टेकून राहिली. मला त्या रात्री फार दिवसांनी झोप लागली.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा मोटारीनं, म्हणजे बसनं, येणार होते. काका त्यांना आणायला निघाले, तेही मेमसाब घेऊन. टांगा करा म्हटलं तर म्हणाले, "नाही. मास्तरांना कॅरिअरवर बसवून आणतो. त्यांनाच बघू दे, मुलगी कशी आवाज न करता जाते ते." सणाचा म्हणून त्यांनी रिसाल्याचा जुना फेटा बांधला होता. जाताना चढ होता आणि गर्दीही, त्यामुळे सायकल हातात धरून नेली. ब्रेक लावायची वेळ आली नाही.

काकू आणि मी नदीच्या पुलाजवळ झेंडू आणि आपट्याची पानं घ्यायला गेलो होतो. राजवाड्याकडून येणारा रस्ता तिथे पुलाकडे उतरतो. उताराच्या तळाशी फुलवाल्या बायका बसल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग, कमरेएवढे. काकू भाव करत होत्या. मी सहज वर पाहिलं.

उतारावरून लाल फेटा येत होता. आधी मला आनंद झाला. मागे काळी टोपी दिसली. ती अण्णांची. मग दिसलं, की दोघंही जरा जास्तच वेगानं येत आहेत. काकांच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. अण्णांनी एका हातानं बोचकं धरलं होतं आणि दुसऱ्यानं काकांची कंबर. आणि मेमसाब बिलकुल आवाज करत नव्हती. म्हणूनच पुढची माणसं बाजूला होत नव्हती. कुणाला पत्ताच नव्हता.

"हटो! हटो भिया, हटो!" काका ओरडले. मग, "रुको मेमसाब! रुको!"

समोर पुलाचा दगडी कठडा होता आणि कठड्याशी टेकून माणसं. काकांनी क्षणभर ते पाहिलं आणि मेमसाबला डावीकडे वळवलं, सरळ झेंडूच्या सगळ्यात मोठ्या ढिगात.

फुलं किती उंच उडाली ते सांगून खरं वाटणार नाही. मी धावले. काकू माझ्या पुढे. ढिगातून आधी फेटा निघाला, मग अण्णांचे पाय. फुलवाली कपाळ बडवत होती, "अरे दादा, ये क्या कर दिया! पूजा के फूल थे!"

"आमचेच समज बाई, सगळे आमचे," काकू तिला म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "लागलं का?"

काकांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. अण्णांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते फुलांत बसून राहिले होते आणि कोटाची उसवलेली खांद्याची शिवण बोटानं चाचपत होते. शिंप्याचं लक्ष आधी तिथे. मग त्यांनी वर पाहिलं.

"जमादारसाहेब, ह्या सायकलला ब्रेक नाही का?"

काका उठून सरळ उभे राहिले, हात बाजूला, जसे वरिष्ठांसमोर राहतात. फेट्याला तुरा असावा तशी कानावर झेंडूची पाकळी. "आहे, मास्तर. पण काल मी त्याला तेल लावलं."

"ब्रेकला?"

"सगळ्याच लोखंडाला. खंडेनवमी होती."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तू रोज ह्याच्यावर बसतेस?"

मला वाटलं, झालं. आता हे उठतील, मोटार गाठतील आणि मी मागोमाग. काका बोलले.

"मास्तर, मुलीचा कसूर नाही. ब्रेक चांगला होता, पण लावला की ओरडत होता. लोक बघत होते. तुम्ही म्हणाला होता, नाव कानावर आलं तर परत नेईन. म्हणून तिनं ब्रेक लावणंच सोडलं. राजवाड्याच्या गर्दीत पाय घासून थांबत होती. मला कळलं, तेव्हा मी मेमसाबचा आवाज बंद करायला गेलो. ते काल झालं. आज हे झालं."

"माझ्या भीतीनं ब्रेक लावत नव्हती?"

काकांनी आडवी पडलेली मेमसाब उचलून उभी केली.

अण्णांनी वळून उताराकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. कठड्याकडे पाहिलं. मग मुठीत आलेली फुलं खाली ठेवली आणि कुणाकडे न पाहता म्हणाले, "मग ओरडू दे."

"लोक बघतात, अण्णा," मी म्हणाले.

"बघू देत. बघतील तर बाजूला होतील." त्यांचा आवाज एकदम चढला. "ओरडू दे तिला! सगळ्या इंदुराला ऐकू जाऊ दे! पण थांबली पाहिजे. कळलं? थांबली पाहिजे."

काकू तोंडाला पदर लावून रडायला लागल्या आणि मग मी.

आम्ही सगळा ढीग घरी आणला. छत्रीबागेतल्या त्या गल्लीत त्या दसऱ्याला एकही दार तोरणाशिवाय राहिलं नाही. दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी कोट शिवला आणि मग अंगणात मेमसाबसमोर मांडी घालून बसले. कापडावर तेल सांडलं, तर शिंपी त्यावर खडूची भुकटी दाबून ठेवतो, भुकटी तेल पिऊन घेते. अण्णांच्या बोचक्यात खडू होताच. त्यांनी चाकाच्या कडीला भुकटी चोळली, झाडली, पुन्हा चोळली. ठोकळे काढून रिठ्याच्या पाण्यानं धुतले, सहाणेवर घासले. काका गुडघ्याला हळदीची पट्टी बांधून खुर्चीवर उलटे बसून पाहत होते. मधूनच म्हणत, "आराम से मास्तर, नाजूक आहे."

मग अण्णांनी मला बसवलं. "त्या टोकापर्यंत जा आणि जोरात ये. इथे माझ्यासमोर थांब."

मी आले आणि मूठ दाबली. मेमसाब अशी किंचाळली, की पिंपळावरचे पोपट उडाले आणि काकूंच्या हातून ताटली पडली. मी अण्णांच्या पायापासून वीतभर अंतरावर उभी होते.

अण्णा हसले. मी त्यांना असं हसताना फार थोडं पाहिलं आहे. म्हणाले, "फर्स्टक्लास."

काका उठले, लंगडत आले आणि म्हणाले, "बोलू द्या मास्तर. विलायती आहे, गप्प बसणार नाही."

मग मी बी. ए. होईपर्यंत राजवाड्यावरून ओरडत जात राहिले. पोरांनी आणखी काही दिवस इंजन, सिग्नल केलं, पण मी मान खाली घालत नाही म्हटल्यावर त्यांची गंमत गेली. पुढे पुढे तर त्यांच्यातलाच एखादा पुढच्या हातगाडीवाल्याला ओरडे, "अबे हट, दीदी आ री हैं!" आणि रस्ता मोकळा होई. अण्णांना गावात कुणी काही बोललं, तर ते सुई न थांबवता म्हणत, "हो, आमचीच. ब्रेक चांगला आहे तिचा."

निकाल लागला तेव्हा मी काकांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं, खाकी कोट घातला आणि गिरणीच्या फाटकावर जाऊन प्रत्येक आत येणाऱ्या माणसाला सांगितलं. तो आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. हे मला काकूंनी सांगितलं.

मला देवासजवळच्या एका गावी मुलींच्या शाळेत नोकरी लागली. लग्न झालं, मुलं झाली. सुट्टीत इंदूरला आले की छत्रीबागेत जायचेच. शेवटची गेले तेव्हा काका खूप थकले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती. ते माजघरात बाजेवर पडून होते, पाय तसेच बाकलेले, आणि काकू शेजारी बसून सुपारी कातरत होत्या. मी हात हातात घेतला, तेव्हा त्यांनी बोटांवरून ओळखलं.

"वच्छाबाई. शाळा चालू आहे?"

"आहे काका."

"कशी जातेस?"

"सायकलनं."

त्यांनी काळजीनं विचारलं, "वाटेत उतार आहे का?"

"नाही काका. घरापासून शाळेपर्यंत सपाट रस्ता आहे. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं."

"एकदम सपाट?"

"एकदम."

"अच्छा," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. "मग बरं." कूस बदलून ते भिंतीकडे वळले आणि थोड्या वेळानं घोरू लागले. काकूंनी बोटानं खूण केली, जरा बस. मी बसले. बाहेर ऊन उतरलं, काकूंनी चहा टाकला, तरी ते शांत घोरत होते.